हदस्सा : नावाचा अर्थ, एस्तेरशी नातं आणि 'हादसा'ची भीती

ताई, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. लवकरच तुमच्या घरी पाळणा हलणार आहे. मुलगी झाली तर यजमानांच्या आजीचं, म्हणजे एस्तेर हे नाव पुढे चालवायचं असं सासरी ठरलंय. तुम्हाला मात्र 'हदस्सा' मनापासून आवडलंय, आणि दोन्ही नावं एकच असं कुणीतरी सांगितल्यामुळे तुम्ही खूश होता. मग नेटवर अर्थ शोधला, तर एका ठिकाणी 'मेंदी' मिळाला, दुसरीकडे 'तारा', तिसरीकडे 'नवरी'. त्यात तुमच्या आईंनी नाव ऐकल्याबरोबर विचारलं, "हादसा? पोरीचं नाव अपघात ठेवणार का?" तेव्हापासून तुमचा जीव खाली-वर होतोय.

मी स्वतः बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजातली. तीसेक वर्षं हिब्रू शिकवते, आणि घराघरांतल्या जुन्या कतुबा (यहुदी लग्नाचे करारपत्र), प्रार्थनेच्या पुस्तकांच्या कोऱ्या पानांवर लिहून ठेवलेल्या जन्मतारखा, अलिबाग-रोह्याकडच्या कबरींवरची हिब्रू-मराठी अक्षरं लोकांना वाचून देते. नावांचे प्रश्न माझ्याकडे सतत येतात. बहुतेक वेळा विचारलेला प्रश्न 'अर्थ काय' हा असतो, पण मनातली शंका वेगळीच असते. तुमचंही तसंच आहे. अर्थाचा गोंधळ सोडवता येतो, आणि तो मी सोडवते. आईंच्या कानाला जे खटकलं त्याचं उत्तर मात्र तुमची मुलगी कुठे वाढणार, कोणत्या शाळेत जाणार, घरी तिला काय हाक मारणार यावर अवलंबून आहे. तिथे मी फक्त अनुभव सांगू शकते.

आधी मूळ. 'हदस्सा' हा शब्द हिब्रू बायबलमध्ये एकदाच येतो, एस्तेरच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात, सातव्या वचनात. मोर्दखाय आपल्या काकाच्या मुलीला वाढवत होता, तिला आई-बाप नव्हते, आणि तिची ओळख करून देताना मजकूर म्हणतो, 'हदस्सा, म्हणजेच एस्तेर'. बस, एवढंच. त्यानंतर संपूर्ण पुस्तकात ती एस्तेर आहे. राणी होते ती एस्तेर, राजासमोर न बोलावता जाते ती एस्तेर. हदस्सा हे त्या पोरक्या मुलीचं घरातलं नाव, दरबाराला ठाऊक नसलेलं.

या नावाचा अर्थ लावायला कसलीही कसरत लागत नाही. हिब्रूत 'हदास' नावाचं झुडूप आहे, त्याचंच हे स्त्रीलिंगी रूप. इंग्रजीत त्याला मर्टल म्हणतात. सदाहरित, लहान चकचकीत पानांचं, पांढऱ्या फुलांचं, निळसर काळ्या फळांचं झुडूप. पान नुसतं पाहिलं तर त्यात विशेष काही वाटत नाही, पण बोटांत चुरडलं की सुगंध सुटतो. गालीलच्या डोंगरात, कर्मेल पर्वतावर आणि एकूण भूमध्य समुद्राच्या काठाने ते रानात उगवतं. युनानी औषधांच्या दुकानात 'हब्बुल आस' मागितलंत तर जी वाळलेली फळं मिळतात ती याचीच. अरबीत या झाडाला 'आस' म्हणतात.

आता 'मेंदी' कुठून आली? आपल्या भाषांत या झाडाला स्वतःचं नाव नाही, त्यामुळे भाषांतर करणाऱ्यांनी जवळचा शब्द घेतला. हिंदी बायबलात मर्टलच्या जागी 'मेंहदी' आहे, काही कोशांत 'विलायती मेंदी' आहे, आणि तिथूनच तो अर्थ नावांच्या याद्यांत शिरला. पण हातावर रंगते ती मेंदी वेगळी. तिला हिब्रूत 'कोफेर' म्हणतात, आणि शलोमोच्या गीतरत्नात एन-गेदीच्या मळ्यांतल्या कोफेरच्या फुलांचा उल्लेख आहे तो तिचा. आपल्या लग्नांत आदल्या रात्री मेंदी लागते, म्हणून मुलीचं नाव मेंदीवरून असतं तर छानच झालं असतं, पण हदस्साचा त्या झाडाशी संबंध नाही. तुम्हाला जवळची ओळख हवी असेल तर सांगते, मर्टलच्या कुळात आपल्याकडचं जांभूळ येतं, लवंग येते, पेरू येतो, निलगिरी येते. पेरूचं कोवळं पान चुरडून वास घ्या. सुगंध वेगळा, पण पानात तेल साठवायची रीत तीच.

'नवरी' हा अर्थ एका तर्कातून आलाय. बाबिलोनच्या अक्कादी भाषेत नवरी या अर्थाचा, ऐकायला बराचसा सारखा एक शब्द आहे. त्यावरून युरोपातल्या काही अभ्यासकांनी सुचवलं की हदस्सा तिकडून आलं असावं. मला ते पटत नाही. अक्कादी शब्दाची सुरुवात 'ख'सारख्या घशातल्या वर्णाने होते आणि हदस्साची साध्या 'ह'ने. शिवाय घरच्याच भाषेत झाडाचं सरळ नाव समोर असताना परक्या भाषेत अर्थ शोधायला जायचं कारण काय? तरी नवरीचा आणि हदासचा एक संबंध आहे, आणि तो मला फार प्रिय आहे. तालमूदमध्ये, म्हणजे आपल्या धर्मगुरूंच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात, रब्बी यहूदा बर इलाई यांची आठवण दिलीय. ते हदासची डहाळी हातात घेऊन नवरीपुढे नाचायचे. एवढा मोठा विद्वान माणूस, आणि कुणाच्याही लेकीच्या लग्नात डहाळी घेऊन नाचायचा. नावामागे असं एखादं चित्र असलं की ते मुलीला सांगता येतं.

राहिला 'तारा'. हा अर्थ हदस्साचा नाहीच. तो एस्तेरचा, आणि याद्या करणाऱ्यांनी 'हदस्सा म्हणजेच एस्तेर' वाचून एकीचा अर्थ दुसरीला चिकटवला. ही चूक मला वर्षानुवर्षं दिसते. एका व्यक्तीची दोन नावं असली म्हणून दोन नावांचा अर्थ एक होत नाही. तुमच्या सासूबाईंचं माहेरचं नाव एक आणि सासरचं दुसरं असेल, तर त्या दोन शब्दांचा अर्थ एक असतो का? तसंच हे.

एस्तेरबद्दल दोन मतं आहेत. एक म्हणजे फारसीतल्या ताऱ्याच्या शब्दावरून, ज्याचं आजचं रूप 'सितारा'. आपला 'तारा' आणि वेदांतलं 'स्तृ' त्याच मुळाचे, त्यामुळे हा अर्थ खरा असेल तर एस्तेर आणि तारा या लांबच्या बहिणी ठरतात. दुसरं मत म्हणजे बाबिलोनची देवी इश्तार, जिचा ग्रह शुक्र. मोर्दखाय या नावात मर्दुक हा बाबिलोनचा देव ऐकू येतो, म्हणून अनेकांना इश्तारचं मत जवळचं वाटतं. यातलं एक निवडायचा आग्रह मी धरत नाही. परक्या राज्यात राहणाऱ्या माणसांनी तिथली नावं घेतली, यात नवल काही नाही. आपल्या वाडवडिलांनीही कोकणात तेच केलं. शमुएलचा समाजी झाला आणि यहेज्केलचा हसाजी. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (यहुदी प्रार्थनास्थळ) 1796 साली बांधणारे शमुएल यहेज्केल दिवेकर लोकांत समाजी हसाजी दिवेकर म्हणूनच ओळखले जात. घरचं नाव एक, बाजारचं दुसरं. हदस्सा आणि एस्तेर ही जोडी बेने इस्राएल माणसाला कुणी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आपल्या धर्मगुरूंनाही हा प्रश्न पडला होता, आणि त्यांचं एकमत झालं नाही. तालमूदच्या मगिल्ला प्रकरणात रब्बी मेईर म्हणतात, खरं नाव एस्तेर, हदस्सा हे तिच्या सदाचारावरून पडलं, कारण सदाचारी माणसांना हदास म्हणतात. रब्बी यहूदा नेमकं उलट सांगतात. खरं नाव हदस्सा, आणि एस्तेर म्हटलं ते तिने आपली ओळख 'लपवली' म्हणून. हिब्रूत लपवणं या अर्थाचा धातू स-त-र आहे. रब्बी नेहेम्या म्हणतात, परके लोक तिला 'इस्तहर' या आकाशातल्या ज्योतीवरून एस्तेर म्हणत. तालमूदचे जुने भाष्यकार राशी इथे चंद्र असा अर्थ घेतात. बेन अझ्झाई सांगतात की ती उंचही नव्हती आणि बुटकीही नव्हती, हदाससारखी मध्यम होती. आणि रब्बी यहोशुआ बेन कोर्हा तर म्हणतात, तिची कांती हिरवट पिवळी होती, पण कृपेचा एक धागा तिच्यावरून ओढलेला होता. हे शेवटचं मत मी मुलींना मुद्दाम शिकवते. राणीची गोष्ट सांगताना सगळे तिच्या रूपावर थांबतात, आणि इथे एक जुना गुरू सांगतोय की नुसत्या रंगाने पाहिलं तर तिच्यात विशेष काही नव्हतं. हदासच्या पानासारखंच.

'लपणं' हा धागा पुढेही जातो. तालमूद विचारतो, तोरामध्ये, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांत, एस्तेर कुठे आहे? उत्तर म्हणून अनुवादाच्या पुस्तकातलं 'हस्तेर अस्तीर', 'मी माझं मुख लपवीनच लपवीन', हे देवाचं वचन दिलंय. एस्तेरच्या संपूर्ण पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही, म्हणून हा शब्दखेळ आपल्या लोकांना इतका भिडला. भाषाशास्त्र म्हणून याकडे पाहू नका, पण अर्थ म्हणून पाहा. नावाला एक व्युत्पत्ती असते, आणि शेकडो वर्षं ते उच्चारणाऱ्यांनी त्यात भरलेला अर्थही असतो. मुलीला दोन्ही द्या, फक्त कोणता कोणता ते तिला ठाऊक असू द्या.

झाडाचा अर्थ तर आपल्या वर्षभराच्या रीतींत आहे. सुक्कोतला, म्हणजे मांडवांच्या सणाला, हातात धरायच्या चार वनस्पतींत खजुराच्या लुलावसोबत (न उघडलेल्या कोवळ्या झावळीसोबत) हदासच्या तीन डहाळ्या बांधतात, वाळुंजाच्या दोन, आणि एथ्रोग (लिंबाच्या जातीचं फळ) एक. हदास निवडताना एका पेरावर तीन-तीन पानं आहेत ना हे बघून घेतात. मिद्राश, म्हणजे गुरूंनी वचनांवर सांगितलेल्या कथा-अर्थांचा संग्रह, सांगतो की एथ्रोगला चव आणि वास दोन्ही आहेत, खजुराला चव आहे पण वास नाही, हदासला वास आहे पण चव नाही, वाळुंजाला दोन्ही नाही. चव म्हणजे तोराचं ज्ञान, वास म्हणजे सत्कर्म. हदास म्हणजे पोथ्या न शिकलेली, पण हातून चांगलंच घडणारी माणसं. हे वाचताना मला नेहमी माझी आजी आठवते. तिला हिब्रू अक्षर ओळखता येत नव्हतं, पण शब्बाथच्या (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या) आधी गल्लीतल्या प्रत्येक आजारी माणसाच्या घरी तिचा डबा गेलेला असायचा. तिच्या घरी मलिद्याच्या, म्हणजे आपल्या आभाराच्या विधीतल्या गोड पोह्यांच्या, ताटात सुवासासाठी सब्जाची डहाळी असे. हदास मी प्रत्यक्ष हातात धरला तो फार उशिरा, इस्राएलला गेल्यावर.

यशया संदेष्ट्याचं एक वचन आहे, 'काटेरी झुडपाच्या जागी हदास उगवेल'. आपल्या गुरूंनी ते थेट एस्तेरला लावलं : आधीची राणी वश्ती हिच्या जागी हदस्सा आली. आणि हो, एस्तेरच्या पुस्तकाच्या पहिल्याच वचनात अहश्वेरोश राजाचं राज्य 'होदूपासून कूशपर्यंत' 127 प्रांतांवर होतं असं म्हटलंय. होदू म्हणजे हिंदुस्थान, तेव्हाचा सिंधूकाठचा प्रदेश. संपूर्ण हिब्रू बायबलात आपल्या देशाचं नाव येतं ते याच पुस्तकात. पुरीमला, म्हणजे एस्तेरच्या गोष्टीच्या सणाला, आपल्या जुन्या लोकांनी 'होळीचा सण' म्हटलं, कारण अदार महिन्याची चौदावी आणि फाल्गुनी पौर्णिमा बहुतेक वर्षी जवळ येतात. 2025 साली पुरीम आणि धुळवड एकाच दिवशी, 14 मार्चला आली होती. तुमची मुलगी पुरीमच्या सुमारास जन्मली तर नावाला मुहूर्तही मिळेल.

आता आईंच्या शंकेकडे येते. तिला हसू नका आणि झटकूही नका, कारण भारतात हे नाव घेणाऱ्या प्रत्येक घराला कधी ना कधी ही शंका आलीय.

'हादसा' हा शब्द अरबीतून फारसी-उर्दूमार्गे हिंदीत आला. मूळ अरबी धातू ह-द-थ, अर्थ घडणं, नव्याने होणं. 'हदीस' हा शब्दही त्याच धातूचा. हिब्रूत याच धातूचा भाऊ आहे 'हादाश', म्हणजे नवा. महिन्याच्या पहिल्या दिवसाला रोश होदेश म्हणतो आपण, त्यातला 'होदेश', नवा चंद्र, तोही तिथलाच. त्या शब्दांची अक्षरं हेत, दालेत, शीन. हदस्साची अक्षरं हे, दालेत, सामेख, हे. पहिलं अक्षर वेगळं, तिसरं वेगळं, धातू वेगळा. मराठीत एकच 'ह' असल्यामुळे दोन्ही सारखे ऐकू येतात एवढंच. तेव्हा अर्थाच्या बाजूने आईंना शंभर टक्के निश्चिंत करा. आणि समजा कुणी ओढूनताणून नातं जोडलंच, तरी त्या धातूचा हिब्रू अर्थ 'नवा' होतो, अपघात नव्हे.

पण कानाचं काय? व्युत्पत्ती सांगून कान ऐकत नाही. माझ्या ओळखीत या नावाच्या दोन मुली मुंबईत शिकल्या. एकीच्या आईने पहिल्या दिवसापासून नाव ठसक्यात उच्चारलं, 'ह-दस्-सा', शेवटच्या अक्षरावर जोर देऊन, जसं हिब्रूत आहे तसं. शाळेतही तेच रुळलं. दुसरीचं नाव दाखल्यावर एकाच 'एस'ने लिहिलं गेलं, वर्गात हजेरी घेताना ते 'हादसा' वाचलं गेलं, आणि चौथीपर्यंत ती मुलगी रडत घरी यायची. माझं मत या दोन अनुभवांवर उभं आहे. देवनागरीत नेहमी 'हदस्सा' लिहा, पहिल्या अक्षराला काना नको, जोडाक्षर हवंच. रोमनमध्ये एच, ए, डी, ए, मग दोन एस, ए, एच. जन्मदाखला, आधार, पासपोर्ट तिन्हींवर हेच स्पेलिंग हवं. पुढे इस्राएलमध्ये अश्दोद किंवा लोदला जायचा विचार असेल तर हे आणखी महत्त्वाचं. एका कुटुंबाच्या कागदांवर मुलीच्या नावाची तीन स्पेलिंगं होती, आणि ती एकाच मुलीची आहेत हे पटवण्यात त्यांचं जवळजवळ एक वर्ष गेलं.

लाडाच्या नावाचंही आत्ताच ठरवा. परदेशात हदस्साला 'दस्सी' म्हणायची पद्धत आहे. मराठी घरात त्याची 'दासी' व्हायला वेळ लागणार नाही, ते मी टाळेन. 'हदू' चालेल, 'सासा' चालेल, किंवा तुमच्या घरात आधीच एखादं लाडाचं नाव घोळत असेल.

मुलगी इस्राएलमध्ये वाढणार असेल तर चित्र बदलतं. तिथे 'हादसा'चा प्रश्नच येत नाही. तिथे हे नाव ऐकल्यावर लोकांना यरुशलेमचं रुग्णालय आठवतं. 1912 साली न्यूयॉर्कमध्ये हेन्रिएटा झोल्ड यांनी पुरीमच्या सुमारास यहुदी स्त्रियांची संस्था उभी केली आणि तिला हदस्सा नाव दिलं. त्याच संस्थेने पुढे यरुशलेमची ती रुग्णालयं बांधली. तिथल्या तरुण पिढीत 'हदास' हे छोटं रूप जास्त चालतं, 'हदस्सा' जरा आजीच्या पिढीचं वाटतं. युरोपातल्या यिद्दिश बोलणाऱ्यांत याचंच 'होदेस' झालं होतं. भारतातच राहणार असाल आणि शाळेची काळजी जास्त असेल, तर 'हदास'चाही विचार करा. अर्थ तोच, आणि अपघाताची सावली बरीच कमी.

शेवटी सासरचा मुद्दा. आजेसासूंचं नाव चालवायचं असेल तर हदस्सा ठेवून ते चालवलं गेलं असं म्हणता येईल का? माझ्या मते हो, मजकूर स्वतःच दोघींना एक म्हणतो. पण हे ज्यांच्या घरचं नाव आहे त्यांना मनापासून पटायला हवं. पटत नसेल तर सिनेगॉगमध्ये आशीर्वादाच्या वेळी 'एस्तेर हदस्सा' असं जोडनाव घ्या. ते यहुदी घरांत सर्रास चालतं. मग रोज वापरायला कुठलंही. आजी हयात असतील तर अश्केनाझी (मध्य-पूर्व युरोपातल्या यहुद्यांच्या) घरांत जिवंत माणसाचं नाव देत नाहीत, सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या यहुद्यांच्या) घरांत आनंदाने देतात. तुमच्या घरची रीत घरातल्या मोठ्यांनाच विचारा.

त्याआधी एक काम करा. आजेसासूंची कतुबा घरात असेल, पत्र्याच्या पेटीत किंवा देवाच्या पुस्तकात घडी घातलेली, ती शोधा. घराघरांतल्या एस्तेर आज्यांच्या कागदावर मी कधी नुसतं 'एस्तेर' वाचलंय, कधी चकित होऊन 'हदस्सा'. नावाच्या जागी आलेफ, सामेख, ताव, रेश ही चार अक्षरं असतील तर एस्तेर. हे, दालेत, सामेख, हे असतील तर तुम्ही निवडलेलं नाव त्यांचंच होतं. घडी उघडताना कागद दुमडीवर फाटतो, तेव्हा घाई करू नका. उन्हात धरू नका, खिडकीजवळच्या सावलीत सपाट ठेवा आणि सरळ वरून फोटो घ्या. अक्षरं लागली नाहीत तर फोटो इथेच टाका, मी वाचून देईन.